भांडण कापू नका: वेरूळ-खुलताबादच्या ऑनलाइन यात्रेविषयी पर्यटन मंत्र्यांस खुले पत्र

मा. पर्यटन मंत्री,
महाराष्ट्र राज्य, यांस



पडद्यावरून देवदर्शन घेण्याचं आता कुणाला अप्रूप राहिलेलं नाही. २०२० च्या आषाढीला पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या आणि वारकरी घरी बसून मोबाइलवर विठ्ठल पाहत राहिले, तेव्हापासून आपल्या लोकांनी ही सोय स्वीकारली. तशी ती आपल्याला परकी कधी नव्हतीच. ज्याला रांगेत उभं राहणं झेपत नाही तो मुखदर्शन घेतो. ज्याला तेही होत नाही तो कळसाला हात जोडून परत फिरतो आणि त्याची वारी चुकली असं कुणी म्हणत नाही. त्याच करोनाकाळात जेरुसलेमच्या गल्ल्यांमधून घरबसल्या फेऱ्या घडवणारे वाटाडेही पुढे आले. जेमतेम एक चौरस किलोमीटरच्या त्या जुन्या शहरात तीन धर्मांची श्रद्धास्थानं भिंतीला भिंत लावून उभी आहेत आणि प्रत्येक दगडावर किमान दोघांचा दावा आहे. तिथे एकाच धर्माचा वाटाडा घेऊन फिरणाऱ्याला अर्धंच शहर दिसतं.

आपल्याकडे अशी जागा शोधायला फार लांब जावं लागत नाही. छत्रपती संभाजीनगरहून निघून दौलताबादवरून घाट चढला की खुलताबाद आणि उतरला की वेरूळ. सगळं मिळून तीसेक किलोमीटर. या वाटेवर बौद्ध, शैव, जैन, सूफी, महानुभाव आणि भागवत परंपरांच्या जागा एकापाठोपाठ एक लागतात. त्या त्या परंपरेच्या जाणत्या माणसांना सोबत घेऊन राज्याने या वाटेची मार्गदर्शित ऑनलाइन यात्रा सुरू करावी, शाळांना आणि परदेशातल्या मराठी शाळांना ती मोफत खुली करावी, अशी विनंती करायला हे पत्र लिहिते आहे. मी या भागात इतिहास शिकवते. मुलांना या वाटेवरून प्रत्यक्ष नेते आणि ज्यांना येता येत नाही अशांना फोनच्या कॅमेऱ्यातूनही फिरवते.

विनंतीसोबत एक अट आहे, आणि पत्र खरं तर त्या अटीसाठीच आहे. या यात्रेत सगळ्यांच्या वतीने बोलणारा एकच गोड आवाज नको.

तो आवाज आपण सगळ्यांनी ऐकलेला आहे. मागे बासरी, वर घिरट्या घालणारा ड्रोन आणि सगळे धर्म एकच शिकवण देतात असं सांगणारा निवेदक. पाच मिनिटांत बौद्ध लेणी, पाच मिनिटांत कैलास, दोन मिनिटांत जैन लेणी आणि शेवटी सूर्यास्त. यातून कुणाला काही कळत नाही. दहावीच्या पोरालाही ठाऊक असतं की बुद्धाने ईश्वर मानला नाही, जैनांचा तीर्थंकर जगाचा कर्ता नव्हे आणि मुसलमानाला मूर्ती चालत नाही. मग सगळं एकच कसं, असं त्याने विचारलं की गोड आवाजाकडे उत्तर नसतं.

या प्रश्नाला कसं सामोरं जायचं ते याच मुलखातल्या एका माणसाने साडेचारशे वर्षांपूर्वी दाखवून दिलं आहे. पैठणचा एकनाथ लहान वयात देवगिरीवर, म्हणजे दौलताबादच्या किल्ल्यावर, जनार्दनस्वामींकडे शिकायला आला. जनार्दनस्वामी सुलतानाच्या चाकरीतले किल्लेदार आणि दत्तभक्त. त्यांचे गुरू चांद बोधले हे सूफी फकीर होते असं परंपरा सांगते. श्रीगोंद्याचे शेख महंमद, ‘योगसंग्राम’ लिहिणारे, तेही याच चांद बोधल्यांच्या शिष्यशाखेतले मानले जातात. अशा घरात वाढलेल्या एकनाथांनी ‘हिंदू-तुर्क संवाद’ लिहिला. नाव संवाद असलं तरी बराच भाग कडकडून भांडण आहे. दोघे एकमेकांच्या देवाची, कर्मकांडाची, सोवळ्याओवळ्याची यथेच्छ खिल्ली उडवतात, काही राखून ठेवत नाहीत. शेवटी गळाभेट होते, पण ती भांडून झाल्यावर. अगोदर मिठी आणि भांडणाचं नावच नाही, असा संवाद एकनाथांनी लिहिला नाही. आपल्या यात्रेचा नमुना मला तिथे दिसतो.

आता एकेक जागा घेते, म्हणजे मी काय म्हणते ते आपल्या विभागातल्या अधिकाऱ्यांना नेमकं कळेल.

वेरूळची दहावी लेणी. पाट्यांवर तिचं नाव विश्वकर्मा, लोकांच्या तोंडी ‘सुतार की झोपडी’. आत स्तूपाला टेकून बसलेला बुद्ध आहे आणि वर दगडी छताला लाकडी वाशांसारख्या फासळ्या कोरल्या आहेत. दगडात सुतारकाम पाहून सुतारांना वाटलं की हा आपलाच विश्वकर्मा, आणि पिढ्यान्‌पिढ्या ते त्या मूर्तीला आपला देव मानून नमस्कार करत आले. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर याच लेणीत पांढरे कपडे घातलेली, हातात मेणबत्ती धरलेली कुटुंबं येऊ लागली. त्यांच्यासाठी ही आपल्या धम्माची जागा आहे, सरकारी भाषेतलं ‘स्मारक’ नव्हे. कला शिकलेला वाटाडा मात्र तिसरंच सांगतो: चैत्यगृह, इतक्या शतकातलं, अमुक शैली. एकाच मूर्तीसमोर उभ्या राहिलेल्या या तिघांपैकी एकालाच माइक दिलात, तर उरलेल्या दोघांचं म्हणणं कुठे जाईल? भिक्खूने आधी बोलावं. मग सुतार समाजातल्या एखाद्या जुन्या माणसाने बोलावं. आणि दोघांनी एकमेकांना प्रश्न विचारावेत, तेही मुलांच्या देखत.

इथे एक तांत्रिक गोष्ट सांगून ठेवते, कारण ती कंत्राटदार हमखास विसरतो. या लेणीचं खरं वैभव तिच्या घुमण्यात आहे. त्रिशरण म्हटलं की कमानदार छत तो सूर धरून ठेवतं आणि काही क्षण परत देत राहतं. पण व्हिडिओ कॉलची सगळी ॲप गोंगाट कापण्यासाठी बनवलेली असतात. लांबलेला सूर हा त्यांच्या लेखी पंख्याचा आवाज. त्यामुळे समोर भिक्खू म्हणत असतात आणि पलीकडच्या मुलांना तुटक, कोरडे शब्द ऐकू येतात. घंटेचं तसंच, कव्वालीचंही तसंच. सेटिंगमध्ये जाऊन आवाजाची ही छाटणी बंद करावी लागते आणि वेगळा माइक लावावा लागतो. खर्च किरकोळ आहे, पण कुणाला तरी ते आठवलं पाहिजे. उजेडाचंही गणित आहे. लेणी पश्चिमेला तोंड करून आहेत, म्हणजे सकाळी आत अंधार आणि दुपार कलली की मूर्तींवर ऊन येतं. चारच्या सुमाराला फेरी ठेवली तर उत्तम, लंडनची मुलं तेव्हा नाश्ता करून बसलेली असतात. कॅलिफोर्नियात मात्र ती मध्यरात्र उलटून गेल्यानंतरची वेळ. त्यांना ध्वनिमुद्रित फेरी पाठवून देऊ असं कुणी सुचवेल, तर नको. प्रश्न विचारता येत नाही ती यात्रा या कामाची नाही. त्यांच्यासाठी सकाळची वेगळी फेरी घ्या, थोडा अंधार चालेल.

कैलासाबद्दल फार लिहीत नाही, त्याला वकिलाची गरज नाही. राष्ट्रकूट राजा कृष्ण पहिला, आठवं शतक, वरून खाली खोदत आणलेलं अख्खं देऊळ, हे सगळे सांगतात. मला हवं आहे ते त्याच्या पलीकडचं: इथे येऊन गेलेल्या परक्या पाहुण्यांची नोंद. इतिहासकार फरिश्ता लिहितो की अलाउद्दीन खिलजीच्या फौजेतली माणसं वेरूळची लेणी बघायला गेली होती आणि त्या वाटेवरच देवगिरीकडे नेली जाणारी गुजरातची राजकन्या त्यांच्या हाती लागली. मोहिमेवरचे शिपाईसुद्धा वाट वाकडी करून लेणी बघायला जात होते तर! महानुभावांचं ‘लीळाचरित्र’ चक्रधरस्वामींच्या वेरूळच्या दीर्घ मुक्कामाबद्दल सांगतं. त्यांच्या अनुयायांनी तर पुढे ‘स्थानपोथी’च रचली. स्वामी कुठे बसले, कुठे निजले, देऊळ कोणत्या तोंडाचं, ओटा कोणत्या अंगाला, असं सगळं मोजूनमापून लिहून ठेवलेली चौदाव्या शतकातली मराठी पोथी. ज्याला त्या जागी जाता येत नव्हतं त्यालाही ती डोळ्यांसमोर उभी करता यावी इतकी ती नेटकी आहे. आपण आज जे करू म्हणतो त्याची आद्य प्रत मराठीत आहे, आणि त्या पोथीत बासरी नाही.

जैन लेण्यांकडे पर्यटक दमून येतात आणि लवकर परततात. ऑनलाइन यात्रेला पाय दुखत नाहीत, हा तिचा एक निर्विवाद फायदा इथे वापरावा. बत्तिसाव्या लेणीचं नाव ‘इंद्रसभा’, पण ते ज्यांच्यावरून पडलं त्या मूर्ती इंद्राच्या नाहीत, यक्ष-यक्षीच्या आहेत. हे नाव चुकीचं असल्याचं जैन मार्गदर्शकाने स्वतः सांगावं. वरच्या डोंगरावरच्या पार्श्वनाथाची आजही पूजा होते, तिथवर कॅमेरा न्यावा. अंगावर वेली चढलेला बाहुबली दाखवताना घाई करू नये.

घृष्णेश्वर लेण्यांपासून एखाद्या किलोमीटरवर. बारावं ज्योतिर्लिंग, लाल दगडाचं, अहिल्याबाई होळकरांनी बांधून काढलेलं. त्याआधी वेरूळच्याच मालोजीराजांनी त्याचा जीर्णोद्धार केला होता. आत पुरुष उघड्या अंगाने जातात. गाभाऱ्यात कॅमेरा नेऊ नये आणि त्यासाठी कुणाची खास परवानगीही मागू नये. हाच नियम दर्ग्यांत. काही दर्ग्यांत मजारीच्या खोलीत बायकांना जाऊ देत नाहीत. हाजी अलीच्या बाबतीत मुंबई उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये बायकांच्या बाजूने निकाल दिला, त्याच वर्षी शनिशिंगणापूरचा चौथराही खुला झाला, पण सगळीकडे तसं नाही. फिरवणारी जर माझ्यासारखी बाई असेल तर तिचं पाऊल जिथे थांबतं तिथे चित्रही थांबावं. कॅमेरा पुरुष सहकाऱ्याच्या हातात देऊन ‘आता आतलं पाहू या’ असं करू नये. पलीकडे बसलेल्या मुलींना कळू दे की इथे दार आहे आणि ते कोणाला बंद आहे. मग मुजावरांना त्याबद्दल विचारू दे. मुजावरांनाही उत्तर द्यायची सवय होईल आणि मंदिरांच्या विश्वस्तांनाही. पंढरपूरचं दार अस्पृश्यांना उघडावं म्हणून साने गुरुजींना १९४७ मध्ये उपोषणाला बसावं लागलं होतं, हे सांगायला मी मुलांना चंद्रभागेपर्यंत नेत नाही. इथल्या बंद दाराशीच सांगते.

आणि आता खुलताबाद. मंत्रिमहोदय, आपल्या विभागाची माहितीपत्रकं इथे येऊन गप्प होतात, म्हणून जरा थांबते.

या गावाचं जुनं नाव रौझा. दिल्लीच्या निजामुद्दीन औलियांचे शिष्य बुऱ्हानुद्दीन गरीब चौदाव्या शतकात दख्खनमध्ये आले, १३३७ मध्ये वारले आणि इथे त्यांची समाधी झाली. बुऱ्हाणपूर शहर त्यांच्याच नावाचं. त्यांच्या भावाचा, जर जरी जर बक्ष यांचा, उरूस इथे भरतो आणि आसपासच्या खेड्यांतली सगळ्या जातीधर्मांची माणसं त्याला येतात. थोड्याच अंतरावर भद्रा मारुती. मारुती उभा असतो किंवा उडत असतो, इथे तो निजलेला आहे. हनुमान जयंतीच्या आदल्या रात्री आणि श्रावणातल्या शनिवारी शहरातून माणसं रात्रभर चालत येतात. अनवाणी चालणाऱ्या त्या पोरांना वाटेत चहापाणी कोण देतं ते एकदा कॅमेऱ्याने टिपावं. निवेदन न करता नुसतं दाखवलं तरी चालेल. गावाबाहेर मलिक अंबरची कबर आहे. गुलाम म्हणून आफ्रिकेतून आणलेला हा माणूस निजामशाहीचा कर्ता झाला, त्याने खडकी वसवली, म्हणजे आजचं संभाजीनगर, आणि मराठवाड्यातल्या शेतकऱ्यांच्या तोंडी ‘मलिकंबरी’ हा जमीनमहसुलाचा शब्द ठेवून गेला. त्याच्याकडे पर्यटकांची बस वळत नाही.

बस वळते ती जैनुद्दीन शिराझींच्या दर्ग्याकडे, कारण त्या अंगणात औरंगजेब आहे.

कबर पाहिल्यावर मुलं पहिल्यांदा म्हणतात, ‘एवढीच?’ वर छप्पर नाही. भोवतीची संगमरवरी जाळी नंतरची, इंग्रजांच्या काळातली. मधे मातीचा चौकोन आणि त्यात सब्जाचं रोपटं. १७०७ मध्ये नगरला मेलेल्या बादशहाने आपल्याला गुरूंच्या पायाशी साधेपणाने पुरावं असं सांगून ठेवलं होतं. २०२५ च्या मार्चमध्ये ही कबर उखडण्याच्या मागणीवरून राज्य पेटलं, नागपुरात दंगल झाली आणि इथे पोलिसांचा पहारा बसला. अशा जागी गोड आवाजाच्या निवेदकाला दोनच वाटा सुचतात. एक, जागाच वगळायची. दोन, ‘साधी कबर’ म्हणून उसासा टाकायचा. दोन्ही वाटा मुलांना फसवतात.

इथे उभं राहून सगळं सांगावं लागतं. याच माणसाने १६६९ मध्ये काशी विश्वनाथाचं देऊळ पाडायला लावलं. याच माणसाने १६८९ मध्ये संभाजी महाराजांना हालहाल करून मारलं. आणि याच माणसाच्या एका पत्रात वेरूळच्या लेण्यांची तारीफ आहे, त्यांना तो परमेश्वराच्या कारागिरीतलं आश्चर्य म्हणतो. ज्यांचे वडील त्याने मारले आणि ज्यांना त्याने वर्षानुवर्षं छावणीत कैदेत ठेवलं, ते शाहू महाराज सुटकेनंतर या कबरीपाशी येऊन गेल्याचं आपल्याच इतिहासकारांनी लिहून ठेवलं आहे. मुलं गोंधळतात. गोंधळू द्यावं. वर्गातल्या एका मुलाने एकदा इथे रागाने विचारलं, ‘मग आम्ही इथे चप्पल का काढायची?’ शेजारी उभे असलेले मुजावर म्हणाले, ‘बेटा, चप्पल जैनुद्दीन बाबांसाठी काढ. बादशहाचा हिशेब बादशहाजवळ.’ त्याचं समाधान झालं की नाही, मला ठाऊक नाही. पण हे उत्तर मी दिलं असतं तर ते पाठ्यपुस्तकातलं वाटलं असतं. मुजावरांकडून आलं म्हणून त्याने ऐकून घेतलं आणि चप्पल काढली.

म्हणून म्हणते, प्रत्येक दारात त्या दारातलाच माणूस हवा. पण नुसतं त्या धर्मात जन्मणं पुरत नाही, त्याची तयारीही हवी. विनोबांना कुराणाचं सार काढायचं होतं तेव्हा ते आधी अरबी शिकले. एवढं कुणाकडून अपेक्षित नाही, पण घृष्णेश्वरच्या गुरुजींनी त्रिशरणाचा अर्थ एकदा भिक्खूंकडून समजून घ्यावा, मुजावरांनी वारकऱ्याची एकादशी काय असते ते विचारावं आणि जैन पंडितांनी उरूस एकदा डोळ्यांनी पाहावा, एवढं करता येईल. पडद्यावर येण्याआधी या सगळ्यांनी ती वाट एकत्र चालावी, तीही कॅमेरा बंद ठेवून. भांडणं काय व्हायची ती आधी तिथे होतील. आमच्या अनुभवात ती होतात. दर्ग्यातल्या नवसाला काय म्हणायचं, ‘लेणी’ म्हणायचं की ‘विहार’, देवळातल्या घंटेजवळ अत्तराची कुपी काढायची की नाही, असली बारीकसारीक भांडणं. त्यातली निम्मी मिटतात. न मिटलेली मुलांसमोर यावीत.

एक मोह आवरावा. कुणी सुचवेल की ख्रिस्ती राहिले, शीख राहिले, तेव्हा एखादं चर्च आणि नांदेडचा गुरुद्वारा जोडून घेऊ, म्हणजे यादी पूर्ण होईल. या वाटेवर जे नाही ते आणू नये. नांदेडची वेगळी यात्रा काढा. अलिबागला बेने इस्राएलांच्या जुन्या वस्त्या आणि सिनेगॉग आहेत, ती वेगळी काढा. गोव्यात म्हापशाची मिलाग्रिस सायबीण आणि शिरगावची लईराई बहिणी मानल्या जातात आणि एकीच्या उत्सवात दुसरीकडून भेट जाते, तीही कुणीतरी काढावी.

पैशाचं बोलणं राहिलं. १७ मार्च २०२० ला पुरातत्त्व सर्वेक्षणाने देशभरची स्मारकं बंद केली आणि डिसेंबरपर्यंत वेरूळच्या मार्गदर्शकांना एक रुपया मिळाला नाही. पडद्यावरची यात्रा जोर धरू लागली की त्यांच्या पोटात गोळा येतो, आणि त्यांचं चुकत नाही. दौलताबादच्या रस्त्यावर सीताफळं आणि पेरू विकणाऱ्या बाया, दर्ग्याबाहेरचा चादरीवाला, देवळाबाहेरचा बेलफूलवाला, या कुणाचाच माल पडद्यावरून विकला जात नाही. तेव्हा निवेदक मुंबईच्या स्टुडिओत बसवू नका. परवानाधारक स्थानिक मार्गदर्शक, मुजावर, भिक्खू, पुजारी यांना प्रत्येक फेरीचं मानधन द्या, सगळ्यांना सारखं, आणि ते महिन्याच्या महिन्याला मिळू द्या. सरकारी मानधनाचा अनुभव असलेली माणसं हे शेवटचं वाक्य दोनदा वाचतील.

परवानग्यांचं जंजाळ मला ठाऊक आहे. लेणी आणि बादशहाची कबर पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे, देऊळ देवस्थानाकडे, दर्गे त्यांच्या व्यवस्थापनाकडे. आम्ही साधी माणसं एकेका दारात अर्ज घेऊन फिरतो आणि वर्ष निघून जातं. आपल्या सहीचं एक पत्र गेलं तर या तिघांना एका टेबलाशी बसावं लागेल. त्या बैठकीसाठी संभाजीनगरात खोली, चहा आणि दिवसभर वाद घालायला तयार असलेली माणसं मी जमवून देते.

तारीख ठरवताना मात्र आपल्या स्वीय सहायकांना सांगून ठेवा: मंगळवार नको. वेरूळ मंगळवारी बंद असतं.

आपली नम्र,
वेरूळच्या वाटेवरची एक इतिहास शिक्षिका